पदकाच्या आधीची शिष्यवृत्ती

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींना बक्षिसे मिळाली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. संस्थेने मला 'विद्यार्थी आणि खेळ' असा विषय दिला होता. विषय फार मोठा आहे. इतक्या मोठ्या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस शेवटी खेळाने शरीर सुदृढ होते एवढेच सांगून खाली बसतो आणि ते तर तुम्हाला माझ्याआधीच ठाऊक आहे. म्हणून मी विषय लहान करून घेतला आहे. मी आज फक्त सायकलविषयी बोलणार आहे.

आत येताना मी बाहेरच्या स्टँडवर नजर टाकली. मुलांच्या सायकली उभ्या आहेत. कोणाचे चेनकव्हर निखळलेले, कोणाचे मागचे मडगार्ड तारेने बांधलेले, एका सायकलीच्या कॅरिअरला दुधाच्या कॅनसाठी दोन्ही बाजूंना आकडे लावलेले. म्हणजे ती सायकल शाळेत येण्याआधी कामावर जाऊन आलेली आहे. अशी सायकल पाहिली की मला धुळ्यातला एक मुलगा आठवतो. त्याची हकीकत आधी सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझे पुढचे बोलणे तुम्हाला पटणार नाही.

मी आयुष्यभर महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे काम केले. कागदावर हुद्दा संचालकाचा, मुलांच्या तोंडी मात्र 'पी.टी. सर'. ही गोष्ट १९८६ सालची. मी नोकरीत नवा होतो. त्या वेळी खानदेशात आपले विद्यापीठ नव्हते. जळगाव, धुळ्याची सारी महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. मुलगा पहिल्या वर्षाला होता. वडील पॉवरलूमवर कामाला, घरात खाणारी तोंडे सात. हा पहाटे चारला बेकरीत जाई, पाव, बटर आणि खारी भरलेली पत्र्याची पेटी कॅरिअरवर बांधी आणि मोहाडी, अवधान करीत लळिंगपर्यंत दुकानांना माल टाकून साडेसातला परत येई. आठला वर्गात. पहिल्या तासाला तो झोपतो अशी एका प्राध्यापकांची तक्रार माझ्याकडे आली, म्हणून मी त्याला बोलावले. तक्रार खरी होती.

मी त्याला विचारले, "लळिंगच्या चढावर उतरून ढकलतोस का?" तो म्हणाला, "नाही सर, उतरलो तर पेटी मागे ओढते. बसूनच काढतो." चाळीस किलोची पेटी, साधी काळी सायकल, गिअर नाही, आणि रोज तो चढ. मी खेळाचा माणूस. माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला.

त्या हिवाळ्यात विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा धुळ्यात होत्या. सायकलिंगची शर्यत आग्रा रोडवर, सोनगीरपर्यंत जाऊन परत, सुमारे ४० किलोमीटर. आम्ही आदल्या दिवशी त्याच सायकलीचे कॅरिअर काढले, मडगार्ड काढले, घोडा स्टँड काढला, छर्रे बदलले आणि चेनला तेल दिले. शर्यतीत दोन मुलांकडे पुण्याहून आणलेल्या रेसिंग सायकली होत्या. हा त्यांच्यापैकी एकाच्या पुढे आणि एकाच्या मागे, म्हणजे दुसरा आला. सायकलवरून उतरल्यावर त्याने मला एकच वाक्य सांगितले. "सर, पेटी नसली की सायकल उडते."

दुसरा आल्यामुळे त्याची पुढच्या स्पर्धेसाठी निवड झाली. आधी पुण्यात दहा दिवसांचे शिबिर, मग आंतरविभागीय स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ. प्रवासखर्च व भत्ता मिळत होता, पण तो परत आल्यावर, पावत्या जोडल्यावर. आधी स्वतःच्या खिशातून घालायचे. शिवाय दहा दिवस बेकरीचा रोज बुडणार आणि परत येईपर्यंत ते काम दुसऱ्या पोराला गेलेले असणार. तो दोन दिवस माझ्याकडे आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "सर, अब्बांची तब्येत बरी नाही. दुसऱ्या कुणाला पाठवा."

मी दुसऱ्याला पाठवले. नियमाप्रमाणे तेच करायचे होते. मात्र मित्रांनो, ही गोष्ट मी आज चाळीस वर्षांनी का सांगतो? त्याच महिन्यात मी घरी नव्या टेलिव्हिजनचा पहिला हप्ता भरला होता. त्या मुलाला लागत होते त्यापेक्षा तो हप्ता मोठा होता. मला ते सुचले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सुचले होते. पण मी मनाशी म्हटले, आधी त्याने विद्यापीठाच्या संघात येऊन दाखवावे, मग आपण सगळे मिळून त्याच्यासाठी काहीतरी करू.

हे 'आधी दाखव, मग देऊ' फार जुने दुखणे आहे आणि ते माझ्या एकट्याचे नाही. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे हे मला मान्य आहे. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. जळगाव, धुळे आणि पुढे नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये त्याखाली आली. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. ज्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांचे नाव आपल्या पदवीच्या कागदावर छापलेले असते. हे मला फार आवडते. असो. आता मुलाला निवडीसाठी पुण्याला जावे लागत नाही. सरकारच्या योजनाही वाढल्या. त्या नेमक्या काय आहेत ते पालकांनी नीट समजून घ्यावे, कारण अर्धवट माहितीवर पुष्कळ घरांत चुकीचे निर्णय होतात.

शाळेत असताना जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा चार पायऱ्या असतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात आणि सायकलिंग हा त्यातला एक खेळ आहे. आपले जिल्हे नाशिक विभागात येतात. ह्या स्पर्धांत मुलगा कोणत्या पायरीपर्यंत गेला आणि कितवा आला हे पाहून दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. महाविद्यालयात गेल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि मग भारतीय विद्यापीठ संघाच्या अखिल भारतीय स्पर्धा. तेथे सायकलिंगचे रस्त्यावरचे आणि ट्रॅकवरचे असे दोन्ही प्रकार असतात, मुलांचे आणि मुलींचेही. सर्व खेळ मिळून जे विद्यापीठ सर्वांत चांगली कामगिरी करते त्याला एक फिरता चषक मिळतो. तो १९५६-५७ पासून दिला जातो आणि त्याचे नाव मौलाना अबुल कलाम आझाद चषक. आपण दरवर्षी मौलानांच्या जयंतीला शिक्षणावर भाषणे करतो, हार घालतो. त्यांच्या नावाचा देशातला एक मोठा मान खेळाच्या मैदानावर मिळतो, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूंसाठी २०१८ पासून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतची मदत, ८ वर्षांपर्यंत, अशी तरतूद झाली. त्यात प्रशिक्षण, राहणे, आहार, साहित्य ह्यांचा खर्च धरतात आणि दरमहा १०,००० रुपये खेळाडूच्या हातखर्चासाठी असतात. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले. त्याला शिक्षणाची, वयाची आणि स्पर्धेच्या दर्जाची अट आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. येथे एक गोष्ट कडकपणे सांगतो. पैसे घेऊन खेळाचे प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणारा माणूस तुमच्या दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. अशा कागदावर लागलेल्या मुलांच्या नोकऱ्या पुढे गेल्या आहेत, आणि गुन्हेही दाखल झाले आहेत.

रेल्वे आणि सैन्यदल यांचे सायकलिंगचे संघ फार पूर्वीपासून आहेत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. हा मान मिळवायला ज्या मुलांनी वर्षानुवर्षे घाम गाळला, त्यांतले अनेक जण अशाच संघांतले नोकरदार होते. आपल्या भुसावळात तर रेल्वे म्हणजे घरचाच विषय आहे. तेव्हा "खेळून पोट भरते का?" ह्या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर असे आहे. बहुतेकांचे भरत नाही. काहींचे भरते. पण जो मुलगा विद्यापीठापर्यंत जातो, त्याचे शिक्षण मात्र खेळामुळे सुटत नाही, उलट टिकते, कारण संघात राहायचे तर महाविद्यालयात नाव असावे लागते. मी पाहिलेल्या कित्येक मुलांनी केवळ संघात राहावे म्हणून परीक्षा दिल्या. त्यातून काही जण पास झाले.

आता अडचण कोठे आहे ते पाहा. ह्या ज्या योजना मी सांगितल्या, त्या सर्व वरच्या पायऱ्यांवर आहेत. राज्यात, देशात दिसलात की मदत. मग खालच्या पायऱ्यांचे काय? चौदा वर्षांच्या मुलाला पहिली चांगली सायकल कोण देतो? शर्यतीला उतरता येईल अशी सायकल चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे सुरू होते आणि वरच्या स्पर्धांतली कार्बनच्या सांगाड्याची सायकल काही लाखांत जाते. टायर घासतात, चेन झिजते. कबड्डीच्या मुलाला चड्डी-बनियन पुरते. सायकलिंग हा गरिबाच्या वाहनावर खेळायचा श्रीमंतांचा खेळ झाला आहे, ही ह्या खेळातली मोठी गंमत आणि मोठे दुःख.

पंजाबातल्या विद्यापीठांनी हा प्रश्न ओळखला. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने मौलाना आझाद चषक वीसहून अधिक वेळा जिंकला. त्यांच्या आवारात सायकलिंगचा ट्रॅक आहे, खेळाडूंना फी, राहणे, खाणे ह्यांत सवलत असते. मुलगा जिंकेल म्हणून आधी त्याला जेवू घालायचे, असा तो साधा व्यवहार आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कपाशीला खत बोंडे फुटल्यावर कोणी घालत नाही.

परदेशातले एक उदाहरण मला ह्याहूनही उपयोगी वाटते. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठ आहे. तेथे हॉवर्ड विल्कॉक्स नावाच्या एका माणसाने १९५१ साली विद्यार्थ्यांची एक सायकल शर्यत सुरू केली. त्याचे वडील मोटारींच्या प्रसिद्ध इंडियानापोलिस ५०० शर्यतीचे १९१९ चे विजेते होते. तिच्या धर्तीवर ह्या शर्यतीला 'लिटल ५००' म्हणतात. शर्यत सुरू करण्याचा हेतू काय, तर जे विद्यार्थी नोकरी करून शिकतात त्यांच्या शिष्यवृत्तीसाठी पैसा उभा करणे. आमच्या बेकरीतल्या मुलासारख्यांसाठी, असे समजा. चार-चार जणांचे संघ, पाव मैलाच्या ट्रॅकवर २०० फेऱ्या, म्हणजे ५० मैल. आपल्या हिशेबाने ८० किलोमीटर होतात. जळगावहून निघून एरंडोल, पारोळा मागे टाकून फागण्याच्या आसपास पोहोचण्याइतके. चौघांनी आळीपाळीने सायकल चालवायची, एक थकला की दुसरा बसतो. १९८८ पासून मुलींची शर्यत आहे, १०० फेऱ्यांची. तिकिटे लावून हजारो लोक पाहायला येतात आणि तो पैसा मुलांच्या शिक्षणाला जातो.

त्या शर्यतीतला एक नियम मात्र आपण कान देऊन ऐकण्यासारखा आहे. तेथे सर्वांना एकसारखीच, एकाच गिअरची साधी सायकल वापरावी लागते. बापाजवळ पैसा आहे म्हणून महागडी सायकल आणता येत नाही. शर्यत पायांची, खिशाची नव्हे. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ त्या सोनगीरच्या शर्यतीचा विचार करीत बसलो. त्या दिवशी तिघांच्या खाली एकच सायकल असती तर पहिला कोण आला असता, हे मला ठाऊक आहे.

आता मी मुलींकडे वळतो आणि आयांनी जरा लक्ष द्यावे. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यांतल्या अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मोफत सायकली मिळतात. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले जाऊ लागले. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी मोजून पाहिले, तेव्हा त्या वयाच्या मुलींचे माध्यमिक शाळेतले प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधली तफावत सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली असे दिसले. म्हणजे नुसत्या सायकलीने, शर्यत नाही, पदक नाही. पण आपल्याकडे मी काय पाहतो? सायकल मुलीच्या नावावर येते, आणि महिन्याभरात तिच्यावर भाऊ बसलेला दिसतो. मुलगी पुन्हा पायी. हसू नका, ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांना मी ओळखतो.

मासूमा अलीजादा हे नाव ऐकले आहे का? अफगाणिस्तानातली मुलगी. घरचे लोक निर्वासित म्हणून इराणमध्ये होते तेव्हा ती सायकल शिकली. काबूलला परत आल्यावर मुलींच्या सायकल संघात गेली. रस्त्यावर लोकांनी दगड मारले, एकदा मोटारीतून धक्का देऊन पाडले. २०१७ मध्ये तिला कुटुंबासह फ्रान्समध्ये आश्रय मिळाला. तेथे लिल शहराच्या विद्यापीठात ती स्थापत्य अभियांत्रिकी शिकू लागली. डोक्यावर स्कार्फ, त्यावर हेल्मेट, आणि सायकल चालूच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती निर्वासित खेळाडूंना शिष्यवृत्ती देते. ती तिला मिळाली. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघातून ती वेळेच्या शर्यतीत उतरली. तिचा नंबर कितवा आला? शेवटचा. विजेतीपेक्षा सुमारे १४ मिनिटे मागे.

मी ही गोष्ट एका घरी सांगितली तेव्हा तिथले आजोबा म्हणाले, "मग फायदा काय झाला?" फायदा असा की त्या शिष्यवृत्तीने तिच्याकडे पदक मागितले नव्हते. तिला शिकता यावे, सराव करता यावा, इतकेच पाहिले होते. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच निर्वासित संघाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली. इंजिनीअरिंगचे शिक्षण आणि ऑलिंपिक, दोन्ही एकाच मुलीच्या वाट्याला आले. आपल्या मुलीला तर कोणी देश सोडून जायला सांगत नाही. मेहरूण तलावाच्या कडेने पहाटे दोन चकरा मारायला सांगतो आहोत.

लांबचे नको असेल तर जवळचे पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळी गावच्या पूजा दानोळे हिने २०२० साली गुवाहाटीला खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली. अंदमानच्या बेटावरचा एसो अल्बान २०१८ मध्ये स्वित्झर्लंडला जागतिक कनिष्ठ स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला. सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेतले ते भारताचे पहिले पदक. आपल्या शेजारच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ २०१५ मध्ये दवाखाना सांभाळून अमेरिका आडवी पार करण्याच्या शर्यतीत उतरले आणि सुमारे ४,८०० किलोमीटर नऊ दिवसांच्या आत संपवले. इंगळी आपल्या गावांपेक्षा मोठे नाही आणि अंदमानात आग्रा रोडही नाही.

सराव कसा करावा ह्याविषयी दोन शब्द बोलतो, कारण ते माझे काम होते. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा दिवसा सायकल चालवणे म्हणजे वेडेपणा. पण आपल्या घरांत फजरच्या नमाजला उठण्याची सवय असते. नमाज झाल्यापासून ऊन चढेपर्यंतचा दीड तास हा सायकलस्वारासाठी सोन्यासारखा आहे, आणि इतर मुलांना जे उठणे अवघड जाते ते तुमच्या अंगवळणी पडलेले असते. रमजानच्या महिन्यात लांबचा आणि जोराचा सराव बंद ठेवावा. इफ्तारच्या आधी थोडा वेळ हलकी सायकल किंवा तरावीहनंतर घरातच व्यायाम, इतके पुरे. त्या महिन्यात कोणी मागे पडत नाही.

खाण्याचे म्हणाल तर डब्यातली महागडी पावडर घेऊ नका. सायकलस्वाराला तासाला पाच-सहाशे उष्मांक सहज लागतात. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, गूळ, अंडी, खजूर आणि केळी. परदेशातले मोठमोठे सायकलपटू शर्यतीत खिशातून काढून केळीच खातात आणि आमच्या रावेर-यावलच्या मुलांना त्याचे कौतुक नाही. हेल्मेट मात्र हवेच. त्यात काटकसर नको. महामार्गावर सराव करू नका, ट्रकवाला तुमचे पदक पाहत नाही. आतले रस्ते, कॅनॉलचे रस्ते, गावाकडचे रस्ते शोधा.

आणि एकट्याने करू नका. सायकलचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून जोरात जाणाऱ्याची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. जो दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालतो, त्याची चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त शक्ती वाचते. म्हणून संघातले स्वार आळीपाळीने पुढे येतात, वारा अंगावर घेतात आणि मग मागे सरकतात. शर्यतीत एकच जिंकताना दिसतो, पण त्याला तेथवर आणणारे तीन-चार जण मागे राहिलेले असतात. शाळेतून एकच मुलगा पाठवला तर तो दमून मागे पडतो. चार-पाच पाठवले तर त्यांतला एक पुढे जातो.

ह्यासाठी संस्थेपुढे मी एक योजना लेखी दिली आहे. पदाधिकाऱ्यांची परवानगी घेऊनच तुम्हाला सांगतो. संस्थेने आठ सायकली घ्याव्यात. महागड्या नकोत, सगळ्या एकाच जातीच्या, साध्या, हलक्या. त्या मुलाच्या नावावर करू नयेत, शाळेच्या असाव्यात. चार मुलांसाठी, चार मुलींसाठी, आणि मुलींच्या सायकलींच्या किल्ल्या मुलींच्या बाईंकडे राहतील. निवडताना कोणाचे पदक, कोणाचे प्रमाणपत्र विचारायचे नाही. जो मुलगा किंवा मुलगी तीन महिने पहाटे नियमाने येईल आणि वर्गातली हजेरी सांभाळील, त्याची वर्षाची फी, वह्या-पुस्तके आणि रोजचा खुराक ह्या निधीतून भागवायचा. मुलगा कामाला जात असेल तर त्याच्या बुडालेल्या रोजाचा काही भागसुद्धा. ह्या शेवटच्या कलमावर बैठकीत बराच वाद झाला. एक सदस्य म्हणाले, "शाळा मजुरी देणार काय?" मी म्हटले, होय, देणार. मजुरी मिळाली नाही म्हणूनच तो मुलगा पुण्याला गेला नव्हता.

पैसा कोठून आणायचा? इंडियानात केले तसेच. वर्षातून एकदा, थंडीत, मैदानावर चुन्याने ट्रॅक आखून सर्व शाळांच्या संघांची शर्यत भरवायची. सर्वांना संस्थेच्याच सायकली. शहरातल्या सायकल मार्टवाल्यांनी दुरुस्तीचे काम फुकट करावे अशी मी त्यांना विनंती केली. त्यातल्या दोघांनी लगेच होकार दिला, एकाने "चेन-टायरचे पैसे घेईन, मजुरी घेणार नाही" असे सांगितले. तो हिशेबी माणूस आहे, त्याच्यावर माझा जास्त भरवसा आहे. पहिल्या दोन सायकलींचे पैसे मी दिले आहेत. ते दान समजू नका. जुना हप्ता आहे, चाळीस वर्षे थकलेला.

तो बेकरीतला मुलगा पुढे काय झाला असे तुम्ही विचाराल. पदवी पूर्ण झाली नाही. बेकरीत राहिला, मग स्वतःची लहानशी हातगाडी, मग दुकान. माणूस सुखी आहे, पाच वेळा मला जेवायला बोलावून झाले आहे. ह्या योजनेविषयी मी त्याला सांगितले तेव्हा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की सरावाला येणाऱ्या मुलांचा पहाटेचा पाव-अंड्यांचा नाश्ता आपल्या दुकानातून येईल. एक अट आहे. पेटी न्यायला रोज मुलांपैकीच कोणी सायकलवरून यायचे.

येत्या जुम्याच्या आधी ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी वर्गशिक्षकांकडे द्यावे. पालकांची सही लागेल. मुलींच्या अर्जावर आईची सही चालेल. स्वतःची सायकल नसली तरी हरकत नाही. चालवता येत नसेल तरी नाव द्या. शिकवण्यासाठी मी आहे, आणि माझी पहाटेची झोप तशीही गेलेली आहे.